‘यातली तुझी बिल्डिंग कुठली?’

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांची आर्किटेक्ट. मूळची कराडजवळच्या एका गावची. आजोबा गवंडी होते, बाबा घरांची छोटी-मोठी कॉन्ट्रॅक्टं घेतात. बी.आर्क. पुण्यात केलं आणि मुंबईत टॉवर करणाऱ्या एका मोठ्या ऑफिसात लागले, त्याला साडेतीन वर्षं झाली. शाळेत असताना बुर्ज खलिफाचा फोटो पाहिला, तेव्हापासून हेच करायचं असं डोक्यात होतं.

प्रत्यक्षात मी काय करते? चाळीस मजली रिहॅब इमारतीचे (म्हणजे जुन्या चाळीतल्या रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या) जिने, टॉयलेटच्या टाइल्स, डक्ट (केबल-पाइपांच्या उभ्या पोकळ्या), दाराखिडक्यांची शेड्यूल्स. एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं रूप, सर आणि बाहेरचे कन्सल्टंट ठरवतात. बाजारात विकायच्या सेल बिल्डिंगच्या मीटिंगला मला बोलावत नाहीत. पगार ४६ हजार, त्यातले १४ हजार पीजीला जातात. माझ्या वर्गातली मैत्रीण इंटिरिअर्स करते, दुप्पट कमावते आणि तिचं काम निदान लोकांना दिसतं तरी. गेल्या महिन्यात बाबा आले होते. लोअर परळच्या पुलावर थांबून त्यांनी विचारलं, “यातली तुझी बिल्डिंग कुठली?” मला बोट दाखवता आलं नाही.

बाहेर मास्टर्सला जाऊ का (४० लाखांचं कर्ज होईल), इंटिरिअर्सकडे वळू, की कराडला परत जाऊन बाबांबरोबर बंगले करू?

आणखी एक, फार महत्त्वाचं नाही. इलेक्ट्रिकल डक्टमध्ये प्रत्येक स्लॅबच्या पातळीला जे फायर सीलिंग (आग-धूर अडवणारं भरण) दाखवलं होतं, ते मला ड्रॉइंगमधून काढायला सांगितलं. “खर्च वाढतो, ओसीच्या वेळी बघू.” (ओसी म्हणजे इमारत राहायला खुली करायचा दाखला.) मी काढलं. तेव्हापासून नीट झोप लागत नाही.

क., ठाणे

प्रिय क.,

तुझ्या पत्राला मी शेवटापासून उत्तर देणार आहे. ‘फार महत्त्वाचं नाही’ म्हणून तू जे शेवटी लिहिलंस, त्यापुढे बाकीचं सगळं महिनाभर थांबू शकतं. ते थांबू शकत नाही.

तुझे आजोबा गवंडी होते, म्हणजे चुलीवरचं धुराडं त्यांनी कित्येकदा बांधलं असेल. उभी, अरुंद, खाली-वर मोकळी पोकळी केली की धूर आपोआप वर ओढला जातो. चाळीस मजल्यांचा इलेक्ट्रिकल डक्ट नेमका तसाच असतो. चौथ्या मजल्यावर केबलचं आवरण पेटलं तर तो धूर काही मिनिटांत तिसाव्या मजल्याच्या लॉबीत पोचतो, आणि तिथल्या माणसाला खाली काय झालंय याचा पत्ताही नसतो. इमारतींच्या आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुरानं जास्त जातात. म्हणून प्रत्येक स्लॅबला केबल जिथून वर जातात त्या भोकाभोवती आग न पकडणारा मसाला भरायचा. धुराड्याला मजल्यामजल्यावर झाकण घालणं, इतकी साधी गोष्ट आहे ती.

‘ओसीच्या वेळी बघू’ याचा अर्थ काय होतो, तेही तुला माहीत हवं. ड्रॉइंगमधून ते गेलं की क्वांटिटीतून, म्हणजे मालाच्या यादीतून, जातं. क्वांटिटीत नाही म्हणजे टेंडरमध्ये नाही, टेंडरमध्ये नाही म्हणजे कुणी विकत आणत नाही. ओसीची वेळ येईपर्यंत डक्ट केबल ट्रेंनी गच्च भरलेला असतो, मागच्या बाजूला हात पोचत नाही. मग कुणीतरी पुढच्या बाजूनं थोडा फोम मारतं, फोटो काढतं आणि तो विषय संपतो. मी हे होताना पाहिलं आहे, म्हणून इतकं ठामपणे लिहिते आहे.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली. २४ मजली इमारत, ७२ माणसं गेली. वर्षभरापूर्वीच तिचं नूतनीकरण झालं होतं, बाहेरून नवं क्लॅडिंग, म्हणजे पॅनेलचं आवरण, लावलं होतं. त्या पॅनेलच्या पोटात पेटणारं प्लास्टिक होतं, आणि खिडक्यांभोवतीच्या पोकळीत आग अडवायला जे अडथळे हवेत ते नव्हते. चौकशी वर्षानुवर्षं चालली. २०२४ साली आलेल्या अंतिम अहवालात ठपका ठेवला गेला त्यांत आर्किटेक्टही होते. क., खिडकीभोवतीची पोकळी हा सरांच्या एलिव्हेशनमधला भाग नव्हे. ती तुझ्या-माझ्यासारखीच कुणीतरी संध्याकाळी सात वाजता काढत असते, घरी जायची घाई असताना.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची, आणि ती मला जास्त धीर देते. सिटीकॉर्प सेंटर, ५९ मजले, १९७७ मध्ये पूर्ण झालं. खाली कोपऱ्यात चर्च असल्यामुळे त्याचे मोठे खांब कोपऱ्यांत न ठेवता प्रत्येक बाजूच्या मधोमध आहेत. इमारत वापरात आल्यावर, १९७८ मध्ये, एका विद्यार्थ्याच्या शंकेच्या निमित्तानं विल्यम लमेझ्युरिए या तिच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं गणित पुन्हा मांडलं. तिरक्या दिशेनं येणाऱ्या वाऱ्याचा जोर वाटला होता त्याहून जास्त पडत होता. त्यातच, आतल्या तिरप्या सळ्यांचे जोड वेल्ड करायचे ठरले होते, ते खर्च वाचवण्यासाठी बोल्टचे झाले होते. हा बदल झाला तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. लमेझ्युरिएनं मालकाला जाऊन सांगितलं. मग रात्री-रात्री वेल्डर लावून जोडांवर पोलादी पट्ट्या बसवल्या. तिथे काम करणाऱ्यांपासून, शहरातल्या लोकांपासून ही गोष्ट तेव्हा लपवली गेली, ते मला मान्य नाही. पण आपली चूक आपणच उचलून समोर ठेवायला जी छाती लागते, ती त्या माणसात होती. तुझी झोप उडाली आहे, याचा अर्थ ती तुझ्यातही आहे.

तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर प्रोजेक्ट लीडला एक मेल लिही. फायर कन्सल्टंटला आणि एमईपी (वीज, पाणी, एसी बघणाऱ्या) कन्सल्टंटला त्यात ठेव. आरोप नको, उपदेश नको. ड्रॉइंगचा नंबर, रिव्हिजन, तारीख. ‘या रिव्हिजनमध्ये इलेक्ट्रिकल डक्टचं स्लॅब-पातळीचं सीलिंग दिसत नाही. फायर एनओसीसाठी आणि काम डक्ट भरण्याआधी करता यावं यासाठी ते परत घेत आहे. काही हरकत असल्यास फायर कन्सल्टंटनी लेखी कळवावं.’ एवढंच. ‘परत घेत आहे’ असं लिही, ‘घेऊ का’ असं विचारू नकोस. लेखी ‘नको’ म्हणायला फारसं कुणी धजत नाही. नव्वद टक्के वेळा ते सीलिंग गुपचूप परत येतं.

उत्तर तोंडी आलं, ‘तुला कुणी विचारलंय’ अशा भाषेत, तर एकदा सरांना स्वतः भेट. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ चा आहे आणि त्याखालचे व्यावसायिक वर्तनाचे नियम १९८९ चे. तुझा कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असेल, तर ते नियम तुलाही लागू आहेत, फक्त सही करणाऱ्या सरांना नाहीत. आणि तरीही ‘राहू दे’ असंच उत्तर मिळालं, तर त्या ऑफिसातून महिन्याभरात बाहेर पड. पुढची नोकरी हातात नसली तरी. ‘राहू की जाऊ’ या तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. टॉयलेटच्या टाइल्सची ड्रॉइंगं करावी लागतात म्हणून सोडू नकोस. डक्टचं झाकण काढायला लावतात आणि परत घालू देत नाहीत, म्हणून सोड.

आता बाबांचा प्रश्न.

मी तेहतीस वर्षं या कामात आहे आणि मलाही कुठल्याच टॉवरकडे बोट दाखवून ‘ही माझी’ म्हणता येत नाही. टॉवर कुणा एकाचा नसतोच. तू फोटोत पाहिलेला बुर्ज खलिफा घे. ८२८ मीटर, जानेवारी २०१० मध्ये उघडला. आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ, हे नाव तू कॉलेजात पाठ केलं असशील. पण तो उभा राहिला त्यात बिल बेकर या इंजिनिअरचा वाटा तेवढाच आहे. मधे षटकोनी कोअर, म्हणजे गाभा, त्याला तीन बाजूंनी तीन पंख, प्रत्येक पंख बाकीच्या दोघांना टेकू देतो. जसजसं वर जावं तसा आकार पायरीपायरीनं बदलतो, म्हणजे वाऱ्याला एका लयीत इमारत हलवता येत नाही. यातलं ‘डिझाइन’ कुठे संपलं आणि ‘स्ट्रक्चर’ कुठे सुरू झालं, सांग बरं? शिकागोचा सिअर्स टॉवरही (आता त्याला विलिस टॉवर म्हणतात) तसाच. ब्रूस ग्रॅहम आर्किटेक्ट आणि ढाक्यात जन्मलेले फझलुर रहमान खान इंजिनिअर. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या, त्यातल्या काही खालीच थांबवल्या, काही वर नेल्या. ४४२ मीटरची ती आकृती दोघांच्या बोलण्यातून आली.

उंचीसुद्धा आपल्या हातात नसते. लोअर परळचा वर्ल्ड वन टॉवर ४४२ मीटरचा व्हायचा होता. विमानतळाच्या कारणानं तेवढ्या उंचीची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. ज्यांनी वरच्या मजल्यांवर वर्षानुवर्षं काम केलं असेल, त्यांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. या क्षेत्रात यायचं तर हे पोटात घेऊन यावं लागतं.

मग आपल्या हातात काय असतं? टिपिकल फ्लोअर, म्हणजे प्रत्येक मजल्यावर तसाच पुन्हा येणारा नकाशा. ज्याला तू कंटाळली आहेस, तो. मजल्यावर आठ घरं धरली तर चाळीस मजल्यांत तीनशेच्या आसपास घरं होतात. बाबांनी बंगल्यात एक दार चुकीच्या बाजूला उघडलं तर एका घराला त्रास, आणि बाबा ते दुसऱ्या दिवशी बदलूनही देतील. तू तेच दार चुकलीस तर माइव्हनच्या (काँक्रीट ओतायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या) साच्यात ते तीनशे वेळा ओतलं जाईल आणि पन्नास वर्षं कुणाला हलवता येणार नाही. मला तरी याहून मोठी जबाबदारी आमच्या धंद्यात दुसरी दिसत नाही.

एक प्रसंग सांगते. मी तुझ्याच वयाची होते. सोळा मजल्यांची एक पुनर्विकासाची इमारत होती, लिफ्ट आणि जिना माझ्याकडे होता. लिफ्ट नियमात बसत होती, मालकाच्या खर्चात बसत होती. मी खूश होते. इमारत झाली, लोक राहायला आले. तीन-चार वर्षांनी गळतीच्या तक्रारीसाठी मी तिथे गेले, तेव्हा अकराव्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला चहा दिला आणि मग सांगितलं की त्यांच्या यजमानांना शेवटचं खाली नेताना लिफ्टमध्ये तिरडी मावली नाही. चार मुलांनी जिन्यानं आणलं. प्रत्येक लँडिंगला तिरपं करून वळवावं लागलं. काकूंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ठाऊकही नव्हतं की ते लँडिंग मी काढलंय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, तुला काय माहीत.” मला माहीत असायला हवं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक लिफ्टच्या आणि लँडिंगच्या प्लॅनवर मी आधी माणसाच्या उंचीची एक आडवी रेघ ओढते, आणि ती रेघ तिरकी न करता फिरली तरच पुढे जाते. आता स्ट्रेचर लिफ्टचे नियम आहेत, पण नियम पाळून झाल्यावरही ती रेघ ओढायची मी थांबले नाही.

तुझी इमारत रिहॅबची आहे हे तू जरा खाली मान घालून लिहिलंस, असं मला वाटलं. वरळीच्या बीडीडी चाळींचं बघ. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. १४ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या बाईनं आयुष्य सामायिक नळावर काढलं, तिला साठीत स्वतःची मोरी आणि स्वतःचा संडास मिळतो. तो तू काढतेस. सेल बिल्डिंगच्या गिऱ्हाईकाला घर आवडलं नाही तर तो दुसरा टॉवर बघेल. रिहॅबच्या माणसाला दुसरी निवड नाही, तू काढशील त्यातच त्याच्या दोन पिढ्या राहणार. ऑफिसातला सगळ्यात हुशार माणूस खरं तर रिहॅबला बसवायला हवा.

आणि इथे करण्यासारखं पुष्कळ आहे. चाळीत गॅलरी असते. गॅलरीत पापड वाळतात, अभ्यास होतो, म्हाताऱ्यांना उन्हात बसवता येतं, कुणाचं दार दिवसभर उघडलं नाही तर शेजारणीच्या लक्षात येतं. तीच माणसं टॉवरमध्ये आली की गॅलरीची जागा घेते ट्यूबलाइटची अंधारी लॉबी. दार लावलं की संपलं. लॉबीच्या टोकाला एक खिडकी आणता आली, तर तिथे उजेड येतो आणि दोन खुर्च्या आपोआप येतात. लिफ्टच्या समोर आठ-नऊ इंच जास्त मिळाले, तर बोलणारी माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत येत नाहीत. दारं अगदी समोरासमोर न ठेवता थोडी सरकवली, तर लोक ती उघडी ठेवतात. मुंबईत २४ मीटरच्या वर पहिला रिफ्यूज एरिया (आगीच्या वेळी लोकांनी थांबायची मोकळी जागा) आणि मग दर सातव्या मजल्याला पुढचा द्यावा लागतो. तो बंद करून घेतला जाणार नाही, त्यात कचरा साठणार नाही, हेही तो कुठल्या बाजूला ठेवला यावर बरंच ठरतं. या गोष्टींना सर नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांत एलिव्हेशनचं काही जात नाही. फक्त कुणीतरी त्यांचा विचार करायला हवा.

तुझ्या घरातून तू काय घेऊन आली आहेस, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत तू बाहेरून पाहिली असशील. चार्ल्स कोरिया यांची, १९८३ ची. २१ मीटर चौकोन, ८४ मीटर उंच, ३२ घरं. इंजिनिअर शिरीष पटेल. मुंबईत पश्चिमेचा पेच असतो. समुद्र तिकडे, वारा तिकडून, म्हणून सगळ्यांना पश्चिमेकडे तोंड हवं. दुपारचं ऊनही तिकडूनच आणि पावसाळ्यातला झोडपणारा पाऊसही. उंचावर तर पाऊस वाऱ्यानं खालून वरही येतो, साध्या खिडकीच्या छज्जाला तिथे काही अर्थ उरत नाही. कोरियांनी काय केलं? जुन्या बंगल्याला चहूबाजूंनी व्हरांडा असायचा, तो उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कापून तिथे दोन मजले उंचीच्या बागा दिल्या. ऊन-पाऊस तिथेच थकतो आणि माणसाच्या खोलीत फक्त वारा येतो.

बाबांच्या भाषेत ती ओसरी आहे. तुझे आजोबा हे बांधत होते. आज मुंबईत काचेच्या टॉवरमागे टॉवर उभे राहतायत, ज्यांत पश्चिमेची भिंत दुपारी दोनला तव्यासारखी तापते आणि मग एसी लावून ती थंड करायची. ओसरी म्हणजे काय हे ज्याला अंगानं माहीत आहे, असं माणूस त्या मीटिंगमध्ये असायला हवं. त्या खुर्चीवर तू पोचावंस असं मला मनापासून वाटतं. आणि तिथली वाट डिटेलमधूनच जाते. जीन गँग या शिकागोच्या आर्किटेक्टचा ८२ मजली अ‍ॅक्वा टॉवर शोधून बघ. त्यात मुख्य कल्पना एकच आहे, ती म्हणजे प्रत्येक मजल्यावर स्लॅबची कड थोडी वेगळी वळवलेली. बाल्कनी कमी-जास्त पुढे येते, सावली पडते, शेजाऱ्याला शेजारी दिसतो, आणि वाऱ्याचा जोरही त्या कडांवर फुटतो. स्लॅबची कड! आपल्याकडे ती रेघ कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही.

आता तुझे तीन रस्ते.

मास्टर्स. ४० लाखांचं कर्ज दहा वर्षांसाठी साडेदहा टक्क्यांनी काढलंस तर महिन्याचा हप्ता ५४ हजारांच्या आसपास येतो. तुझ्या आजच्या पगारापेक्षा जास्त. म्हणजे परत येणं जवळजवळ बंद होतं, आणि तिकडे नोकरी टिकवणं हेच मुख्य काम होऊन बसतं. शिवाय अमेरिकेत लायसन्स मिळेपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवताही येत नाही, अनुभवाचे तास आणि परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. तरीही जाण्यासारखं आहे, पण प्रश्न घेऊन जा. शिकागोला इलिनॉय इन्स्टिट्यूटमध्ये खान स्वतः शिकवायचे, उंच इमारतींच्या अभ्यासाची तिथे जुनी परंपरा आहे. ‘दमट हवेत चाळीस मजले एसीशिवाय कसे राहतील’ असा काही प्रश्न तुझ्या मानेवर बसला, की जा. आज तू जाशील ती टॉयलेट टाइल्सपासून सुटका म्हणून. त्या सुटकेला ४० लाख फार झाले.

इंटिरिअर्स हे मेहनतीचं, चांगलं काम आहे आणि मैत्रीण कमावते ते तिच्या हिमतीवर. तुझ्या पत्रात त्याबद्दल पैसे सोडून एक शब्दही नाही, म्हणून मीही अधिक लिहीत नाही. पैशाचं मात्र बोलायला हवं. साडेतीन वर्षांच्या अनुभवाला मुंबईत ४६ हजार कमी आहेत. तू एका अख्ख्या इमारतीची कोऑर्डिनेशनची ड्रॉइंगं सांभाळतेस, हे लिहून काढ आणि वाढ माग. आम्ही बायका हे मागत नाही, मीही पहिली आठ वर्षं मागितलं नाही, आणि त्याबद्दल कुणी मला बक्षीस दिलं नाही.

कराड. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. तू ते शेवटी लिहिलंस, हरल्यावर परत जायची जागा असल्यासारखं. मला तसं वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला एकच विकास नियमावली लागू झाली आणि लहान शहरांतही उंच इमारतींना वाट मोकळी झाली. कराड, सातारा, सांगलीत दहा-बारा मजले आता नवलाचे राहिलेले नाहीत. आणि तो कोयनेचा भाग आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेबद्दल तुझ्या आजीला विचार, ती सांगेल. तिथे जिन्याचं प्रेशरायझेशन (धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवणं) म्हणजे काय, खाली पार्किंगसाठी भिंती काढून नुसते खांब ठेवले की भूकंपात काय होतं, डक्ट का भरायचा, हे साइटवर पाहिलेली आर्किटेक्ट किती असतील? तिथल्या बिल्डरला ती हवी आहे, त्याला अजून माहीत नसेल एवढंच. पण त्यासाठी तुझ्या हातून एक टॉवर पायापासून ओसीपर्यंत जायला हवा. मुंबईत एका टॉवरला पहिल्या रेघेपासून किल्ल्या देईपर्यंत सहा-आठ वर्षं सहज जातात. तू अर्ध्या वाटेवर आहेस. आत्ता गेलीस तर अर्धवट माहिती घेऊन जाशील, आणि शेवटची दोन वर्षं, जेव्हा सगळ्या चुका उघड्या पडतात, तीच बघायची राहतील.

म्हणून डक्टचा प्रश्न सरळ सुटला तर माझा सल्ला, ही इमारत संपेपर्यंत थांब. पण आहे तशी थांबू नकोस. आठवड्यातून एक दिवस साइट माग. एसीतल्या स्क्रीनवरचा जिना आणि शटरिंग काढल्यावरचा जिना यांची गाठ पडली पाहिजे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या मीटिंगला मागच्या खुर्चीवर बसू द्या म्हणून सरांना विचार. मिनिट्स लिहायचं काम कुणाला नको असतं, ते तू घे. मिनिट्स लिहिणाऱ्याला सगळं ऐकावं लागतं आणि त्याला कुणी उठवत नाही. मी टॉवरचं स्ट्रक्चर असंच शिकले.

आणि बाबांना एकदा साइटवर घेऊन जा. परवानगी काढ, हेल्मेट दे, सातव्या-आठव्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढव. लिफ्टनं नको. तू काढलेल्या पायऱ्यांवरून ते चढतील. गवंड्याचा मुलगा आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत कुठली पायरी अर्ध्या इंचानं चुकली ते त्यांचे पाय सांगतील. ते तू लिहून घे. मग लॉबीच्या टोकाशी उभं राहून खालच्या चाळी दाखव आणि तिथून कोण कुठल्या मजल्यावर येणार ते सांग.

पण आधी सोमवारचा मेल. गेला की मला कळव, उत्तर काय आलं तेही.

तुझी,
ताई